फाटे

सप्टेंबरात, बहिणीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी
एका पोरीनं माझ्या कोरड्या केसांवर वस्तरा चालवला.
"जरा हलके करते," म्हणाली.
झाले हलके.
उरलं ते जुन्या होडीच्या दोरासारखं,
टोकाला पिंजलेलं.
विश्वासानं मान पुढे केली होती,
तिनं केसानंच गळा कापला.

पुन्ता अरेनासमध्ये वारा कुणाला विचारून येत नाही.
वसंत लागला की चौकात दोर बांधतात,
धरून चालायला, उडून जाऊ नये म्हणून.
त्या दोराला लटकून मी उभी
आणि डोक्यावर एकेक केस शेजारच्याशी भांडतोय.
प्रत्येकाला दोन फाटे, तीन फाटे,
आईच्या बोलण्याला फुटतात तसे:
किती पैसे दिलेस, कुणी सांगितलं होतं,
आणि तुझ्या मावशीचंही असंच झालं होतं...

मग उपाय.
रानगुलाबाच्या बियांचं तेल.
खाजकुयलीसारख्या चावऱ्या पाल्याचा काढा.
अंडं लावलं, पाणी जरा जास्त गरम होतं,
अंडं केसांतच शिजलं.
तास दीड तास मी बाथरूममध्ये
स्वतःच्या डोक्यातून न्याहारी वेचत बसले.

शेवटी म्हाताऱ्या येर्कोकडे गेले.
तरुणपणी हा कुरणांवर मेंढ्या भादरायचा,
आता गुडघे गेले, माणसं भादरतो.
त्यानं एक बट उजेडात धरली,
लोकर पारखावी तशी चिमटीत फिरवली,
बराच वेळ काही बोलला नाही.
"फुटलेलं टोक सांधत नाही, ओरियाना.
तेल लाव, चकाकेल.
खोटारडा माणूसही चकाकतो."
मग बोटं टाळूवर ठेवली.
"इथं काही बिघडलेलं नाही.
इथून येईल ते सांभाळ."

दर सहा आठवड्यांनी पेरभर कापायचं.
वाढणार पेराहून थोडं जास्त, कापणार पेर.
ही वजाबाकी मला पटायला
नाताळ उजाडला.
तोवर ओले केस विंचरायचे नाहीत,
रबर घट्ट नको,
रात्री उशीवर आजीचा नव्हे, माझाच
लग्नातला रेशमी रुमाल,
बाकी कशाच्या उपयोगी न आलेला.
नवरा म्हणाला, काहीच फरक दिसत नाही.
फरक दिसत नव्हताच.
हाताला लागत होता,
कानामागे, आतल्या थरात,
जिथं फक्त मीच पोचते.

मार्चमध्ये खेकड्यांच्या कारखान्यात
नवी मुलगी आली, माझ्याच पट्ट्यावर.
पांढरी जाळी, पांढरं एप्रन, रबरी बूट.
तंगडी फोडायला कात्री धरली
आणि मनगट ओळखीचं निघालं.
यास्ना. दुकान बंद पडलं होतं म्हणे.
सहा महिने मी तिच्यासाठी
वाक्यांना धार लावून ठेवली होती.
दिवसभर ती वाक्यं तोंडात,
हातात खेकडे,
दोघींच्या मध्ये बर्फाचा ढीग.

पाळी संपली. कपडे बदलायच्या खोलीत
तिनं केस धुतले, मासळीचा वास जाईना म्हणून,
आणि ओल्याच केसांत कंगवा घातला,
वरून खाली, रागानं.
कट्. कट्.
तो आवाज मला माझ्या डोक्यात ऐकू आला.

"खालून सुरू कर," मी म्हणाले.
ती वळली.
"टोकापासून. गुंता हातात धर, ओढू नकोस."
माझा रुंद दातांचा लाकडी कंगवा दिला.
तिनं मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
माझ्या डोक्यावर तिच्या ओळखीचं
आता फारसं काही उरलंही नव्हतं.

बस आली. वारा होताच.
टोपी काढून खिशात घातली,
केस तोंडावर आले,
दातांत एक अडकला, तो तुटला नाही.
पुढच्या थांब्याला आठवलं,
कंगवा तिच्याकडेच राहिला.